सर्दीच्या गोळ्यांची बाटली

गेल्या अंकात मी जाताजाता लिहून गेलो होतो, की गिटारच्या तारेवर काच सरकवणारा एखादा चांगला माणूस ऐकला की माझा दुखरा गुडघा तासभर गप्प बसतो. त्या एका वाक्यावर या महिन्यात पत्रांचा ढीग आला. संपादक म्हणाले, ‘मिस्त्री, गाड्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यात. आधी ही गिटार निस्तरा.’ म्हणून या वेळी कार्ब्युरेटर नाही, की चेनसेट नाही. ज्यांच्या गाड्या सकाळी स्टार्ट होत नाहीत त्यांनी प्लग साफ करून महिनाभर दम काढावा.

प्रश्न : मिस्त्रीकाका, ब्लूज आणि रॉकमधले तुमचे आवडते स्लाइड गिटारवादक कोण? पहिल्या पाचांची नंबरवार यादी द्या. मी नुकताच ऐकायला लागलोय, सुरुवात कुणापासून करू?
— एक वाचक, जालना

उत्तर : नंबर लावत नाही. नंबर लावायला ही काही उरुसातली कुस्ती नाही. मला ही माणसं जशी भेटत गेली तशी सांगतो, यादी तुमची तुम्ही करा.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं. एरवी गिटारवाला डाव्या हाताच्या बोटांनी तार दांडीवर दाबतो. स्लाइडमध्ये तार दाबायची नसते. एका बोटात काचेची नाहीतर धातूची नळी घालायची आणि ती तारेला नुसती टेकवून सरकवायची. मग दांडीवरच्या पट्ट्या खुणेपुरत्या उरतात, आणि सा ते रे या दोन घरांमधली सगळी गल्ली फिरायला मोकळी होते. आपल्याकडे मींड म्हणतात, ती हीच.

१९८५ चा पावसाळा. परभणीत माझं गॅरेज होतं. नांदेडला इंजिनिअरिंग शिकणारा एक पोरगा येझदीच्या क्लच प्लेटा बदलून घ्यायला आला. बिल झालं पंचाऐंशी रुपये, त्याच्या खिशात निघाले पन्नास. उरलेल्या पैशांपोटी एक कॅसेट ठेवून गेला. ‘पुढच्या रविवारी सोडवून नेतो, दादा.’ तो रविवार अजून यायचाय. कॅसेटवर नाव नाही, गाव नाही.

मी तेव्हा रात्री ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचो. मांडीवर आडवी ठेवून, हातात स्टीलचा बार, सिनेमातली गाणी. म्हणजे तार घासल्याचा आवाज मला नवा नव्हता. पण या कॅसेटवरचा माणूस घासत नव्हता, भांडत होता, आणि भांडता भांडता मध्येच गात होता. हात ग्रीसने भरलेले, म्हणून टेपचं बटण कोपराने मागे दाबत मी ते पहिलं गाणं त्या दुपारी दहाबारा वेळा ऐकलं असेल. शेवटी आमचा पोऱ्या वैतागून म्हणाला, ‘उस्ताद, काय ऐकायलाव हे, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावानी!’

मांजराचं नाव ड्वेन ऑलमन हे कळायला मला पुढे दहा-बारा वर्षं लागली. त्याचा धाकटा भाऊ ग्रेग याने सांगितलेली गोष्ट अशी. ड्वेनला सर्दी झालेली, त्यात घोड्यावरून पडून हात दुखावलेला, आणि पडल्याचा राग भावावर. वाढदिवस आला तेव्हा ग्रेगने सर्दीच्या गोळ्यांची एक काचेची बाटली आणि ताजमहाल नावाच्या ब्लूज गायकाची रेकॉर्ड त्याच्या दारात ठेवली आणि पळ काढला. (होय, गायकाचं नावच ताजमहाल. आग्र्याशी संबंध नाही.) ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, लेबल भिजवून काढलं, बाटली बोटात घातली आणि त्या रेकॉर्डवर जेसी एड डेव्हिसने वाजवलेली स्लाइड आपल्या हाताने शोधायला बसला. ही १९६८ च्या आसपासची गोष्ट. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या थिएटरात ऑलमन ब्रदर्स बँडने जे वाजवलं, ते माझ्या कॅसेटवर होतं. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. वय २४. बाटली हातात आल्यापासून जेमतेम तीन वर्षं. मी कॅसेट ऐकली तेव्हा माझ्या मांडीवर हवाईयन गिटार येऊन आठ वर्षं झाली होती, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

त्याचं मला काय आवडतं, तर सुराशी पोचायची त्याची रीत. तो सुराच्या जरा खालून येतो, उंबऱ्याशी घुटमळतो, आपल्याला वाटतं चुकला, आणि मग हळूच आत जाऊन बसतो. आमच्याकडे मुरलेले कीर्तनकार अभंगाचा शेवटचा शब्द टाळकऱ्यांच्या हवाली करण्याआधी असाच क्षणभर धरून ठेवतात. पुढे मी जो जो स्लाइडवाला ऐकला त्याला याच मापाने मोजला : सुरापर्यंत येतो कसा, आणि सूर सोडतो कसा. मधल्या वेळात कितीका भराभरा वाजवेना.

ड्वेनच्या मागे मागे जात एल्मोर जेम्सपाशी पोचलो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या कँटन गावात भावाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा हा माणूस. अॅम्प्लिफायर उघडून त्याच्याशी खेळत बसायचा, आणि आवाज असा फाटका, करकरीत काढायचा की आजही लोक तो विकत घ्यायला पैसे मोजतात. १९५१ मध्ये त्याने ‘डस्ट माय ब्रूम’ रेकॉर्ड केलं. सुरुवातीलाच वरच्या सुरावर तडतडत येणारे ते त्रिकुट पुढे शेकडो लोकांनी उचललं. मूळ गाणं रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये गायलेलं. तुम्हाला कुणीतरी सांगेलच, की आधी जॉन्सन ऐका. १९३६ आणि १९३७ मिळून त्याची २९ गाणी आहेत, आणि वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला. त्याच्याबद्दल मला मान आहे. पण जीव मात्र एल्मोरवर. आपल्या हाताने यंत्र उघडून बघणारा माणूस आहे, बिरादरीतला वाटतो.

मडी वॉटर्स तर ऐकाच. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल नावाच्या कापसाच्या मोठ्या जमिनीवर तो ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स सरकारी ग्रंथालयासाठी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन त्याच्या घरी आला. मडीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. दोन वर्षांनी गाव सोडून शिकागो गाठलं, तिथे कलकलाटात आवाज पोचेना म्हणून विजेची गिटार घेतली, आणि १९४८ मध्ये ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ आलं. गाणं शहरातलं आहे, पण स्लाइड अजून शेतात उभी आहे. कापूस वेचून पुण्याला गेलेला आमच्या गल्लीतला प्रत्येक पोरगा दिवाळीला परत आल्यावर असाच बोलतो : शब्द तिकडचे, हेल इकडचा.

आता लोवेल जॉर्ज. याच्यावर माझं जरा जास्तच प्रेम आहे आणि त्याला कारण धंद्याचं आहे. लिटल फीट या बँडचा हा गिटारवाला काच वापरत नव्हता, तांब्याची नळी वापरत नव्हता. हा बोटात प्लगपान्याची गोटी घालायचा! अकरा सोळांश इंची, म्हणजे आपल्या भाषेत साडेपाच सुती. हे वाचलं त्या दिवशी मी जेवण टाकून टूलबॉक्सपाशी गेलो. माझ्याकडचा एकवीसचा पाना करंगळीत घातला तर ढळढळीत, आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली तेव्हा कुठे थांबला. मग तार छेडली. हात आधी वजनाने भांबावतो. पण सूर संपतच नाही, चांगल्या घंटेसारखा घोळत राहतो. लोवेल त्यात भर म्हणून आवाज दाबून सपाट करणारं कॉम्प्रेसर नावाचं यंत्र जोडायचा, त्यामुळे त्याचा एकेक सूर ताणलेल्या गुळाच्या पाकासारखा लांबत जातो. १९७९ मध्ये ३४ व्या वर्षी गेला. ही मंडळी फार थांबत नाहीत.

थांबला तो हाउंड डॉग टेलर. याच्या हाताला सहा बोटं होती, स्वस्तातली जपानी गिटार होती, आणि बँडमध्ये बेस गिटारच नव्हती. दोन गिटार, एक ड्रम, झालं. शिकागोतल्या बारमध्ये वर्षानुवर्षं वाजवून पन्नाशी उलटल्यावर १९७१ मध्ये त्याची पहिली मोठी रेकॉर्ड निघाली, आणि ती काढण्यासाठी त्याच्या एका तरुण चाहत्याने खिशातले पैसे घालून कंपनीच सुरू केली. ती अॅलिगेटर रेकॉर्ड्स. हाउंड डॉग सुरात कमी आणि मजेत जास्त आहे. माझं वर सांगितलेलं माप त्याला लावलं तर तो नापास होतो, तरी लग्नाच्या वरातीला मला तोच हवा.

आणि आजच्यांत डेरेक ट्रक्स, जन्म १९७९. ड्वेनच्याच बँडमधल्या बुच ट्रक्स या ड्रमवाल्याचा पुतण्या. उजव्या हातात नखी वापरत नाही, उघड्या बोटांनी छेडतो. कॅलिफोर्नियात सॅन रफाएलला अली अकबर खाँसाहेबांनी काढलेल्या संगीत महाविद्यालयात तो शिकून आलाय, आणि नुसरत फतेह अली खाँच्या कव्वाल्या त्याने स्लाइडवर वाजवल्यात. परभणीच्या उरुसात लहानपणापासून कव्वाली ऐकलेल्या माणसाने हे एकदा डोळे मिटून ऐकावं. शब्द नाहीत, पण कुठे टाळी पडणार ते कळतं.

सुरुवात फिलमोर ईस्टपासून करा, मग मागे एल्मोरकडे, मग पुढे डेरेककडे या. सोनी लँड्रेथला शेवटी ठेवा. तो स्लाइडच्या मागच्या बाजूला उरलेल्या बोटांनी तार दाबून वेगळेच सूर काढतो. पहिल्याच दिवशी ते ऐकलंत तर गिटार माळ्यावर टाकाल.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. मला स्लाइड शिकायचीय, पण दादा म्हणतो हे पुरुषांचं वाद्य आहे, बायका फक्त गातात. खरं आहे का?
— एक वाचक, सेलू

उत्तर : दादाला बॉनी रेट ऐकव. नुसतं ऐकवू नकोस, आधी कोण वाजवतंय ते सांगू नकोस, आणि ऐकून झाल्यावर विचार.

बॉनीला शिकवायला समोर कुणी नव्हतं. रेकॉर्ड ऐकून ती स्वतःच करत बसली, आणि कुठल्या बोटात नळी घालायची ते ठाऊक नसल्याने मधल्या बोटात घातली. बहुतेक जण करंगळीत किंवा अनामिकेत घालतात, म्हणजे बाकीची बोटं मागून तार झाकायला मोकळी राहतात. चूक कळेपर्यंत हात बसून गेला होता, मग तिने तो तसाच ठेवला. पुढे मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल या म्हाताऱ्या उस्तादाबरोबर ती गावोगाव फिरली, त्याच्याशेजारी बसून वाजवलं. १९८९ मध्ये ‘निक ऑफ टाइम’ ही तिची रेकॉर्ड आली, आणि पुढल्या वर्षी ग्रॅमीत वर्षातली सर्वोत्तम ठरली. तोवर वीसेक वर्षं ती वाजवतच होती.

फ्रेडबद्दलही सांगायला पाहिजे. कोमो नावाच्या गावातला हा शेतकरी. १९५९ मध्ये तोच लोमॅक्स यंत्र घेऊन तिथेही पोचला, तेव्हा फ्रेड पन्नाशीच्या पुढे होता. लहानपणी त्याने काकाला गुराच्या हाडाचा तुकडा घासून, बोटात घालून वाजवताना पाहिलं होतं. फ्रेड एकच घोळ धरून बसतो, पाच-पाच मिनिटं, आणि त्याचा आवाज जिथे थांबतो तिथे गिटार ओळ पुरी करते. एखाद्या ओळीचा शेवटचा शब्द तो गातच नाही, काच गाते. आपल्याकडे ओवी म्हणताना जात्याची घरघर ओळीच्या शेवटाला भरून काढते, तशी. तुझी आजी जात्यावर बसलेली असेल तर तिला विचार, तिला लगेच कळेल.

प्रश्न : मिस्त्री साहेब, आमच्या काळी सुनील गांगुलींची हवाईयन गिटार घरोघरी वाजायची. ती आणि तुमची ही ब्लूजची स्लाइड, एकच का वेगळ्या? कुणी कुणाकडून घेतली?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, उदगीर

उत्तर : सर, चुलत भावंडं म्हणा. हवाईयन मांडीवर आडवी, तारा वर उचललेल्या, हातात भरीव बार. ब्लूजची स्लाइड गिटार एरवीसारखीच छातीशी उभी, आणि बोटात पोकळ नळी. त्यामुळे ब्लूजवाला नळी नसलेल्या बोटांनी मध्येच तार दाबूही शकतो.

हवाईचा जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी मुलगा १९ व्या शतकाच्या शेवटी तारेवर धातू सरकवून बघत होता, मांडीवरच्या गिटारचं श्रेय त्याला देतात. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं, तिथून हवाईच्या संगीताचं वेड सगळ्या अमेरिकेत पसरलं. इकडे मिसिसिपीत काळ्या मजुरांची पोरं घराच्या भिंतीला खिळे ठोकून त्यावर झाडूची तार ताणायची आणि बाटली सरकवून वाजवायची. त्याला डिडली बो म्हणतात, आणि त्याची मुळं आफ्रिकेतल्या एकतारी वाद्यांत सांगतात. दोन्ही ओहोळ पुढे एकमेकांत मिसळले.

१९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्तर टटवायलर नावाच्या बारक्या स्टेशनावर रात्री पेंगत बसला होता. गाडी नऊ तास लेट. (पूर्णा जंक्शनवर रात्र काढलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.) शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवायला लागला आणि दोन रेल्वे लाइनी कुठे एकमेकींना छेदतात त्याबद्दल एकच ओळ तीनदा गायला. हँडीने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. वाजवणाऱ्याचं नाव त्यात नाही.

भारतात ही गिटार रुजवण्यात टाऊ मो या हवाईयन वादकाचा मोठा वाटा. १९४० च्या दशकात तो कलकत्त्यात राहिला, वाजवलं, शिकवलं. पुढे ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर थेट राग वाजवले. ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे वर सांगितलेल्या डेरेकचं आणि त्यांचं घर शेवटी एकच निघालं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ १९६७ ची. विश्वमोहन भट्टांनी तर जादा तारा चढवून मोहनवीणा केली आणि राय कूडर या अमेरिकी स्लाइडवाल्याबरोबर बसून १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. सर, तुमच्याकडे गांगुलींच्या तबकड्या असतील तर टाकू नका, उदगीरला येणं झालं की मी ऐकायला येतो.

एक गंमत राहिली. विजेच्या आधी आवाज मोठा कसा करायचा, म्हणून १९२७ पासून नॅशनल कंपनीने पत्र्याच्या गिटार काढल्या, पोटात अॅल्युमिनियमचा शंकू, स्पीकरच्या पडद्यासारखा. सन हाउस या ब्लूजवाल्याच्या हातात ती बघा. तार ओढतो तेव्हा पत्र्याचं छप्पर गारपिटीत वाजावं तसं वाजतं. गंगाखेडजवळच्या एका गणपतीत माझा सोलो ऐन रंगात आला आणि लोडशेडिंग झालं, तेव्हा मला अशा गिटारची किंमत कळली. हजारभर माणसांसमोर मी अंधारात माझी विजेची गिटार वाजवत होतो आणि ती फक्त मला ऐकू येत होती.

प्रश्न : मराठवाड्याच्या वाचकाला या परक्या मुलखातल्या गाण्यांचं काय सोयरसुतक? आपल्याकडे काय कमी आहे?
— एक नाराज वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कमी काहीच नाही. तुळजापूरला आराध्यांचं चौंडकं ऐकलंय का? एकच तार. ती ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो, आणि वाजवणारी बाई तेवढ्यात सगळं बोलून घेते. ज्याच्या कानात चौंडकं आहे त्याला मिसिसिपीतली भिंतीवरची तार परकी वाटायचं कारण नाही. कापूस वेचून आलेल्या माणसाचं गाणंही नाही.

तुम्हाला ब्लाइंड विली जॉन्सनबद्दल सांगतो, त्याला मी वरच्या उत्तरात मुद्दाम घेतला नाही. टेक्ससचा आंधळा माणूस, रस्त्यावर उभा राहून देवाची गाणी म्हणायचा. ३ डिसेंबर १९२७ ला डॅलसमध्ये त्याने ‘डार्क वॉज द नाइट’ वाजवलं. सव्वातीन मिनिटं. शब्द एकही नाही. तो नुसता हुंकार देतो, स्लाइड त्या हुंकारामागून जाते, कधी पुढे होते, आणि काही ठिकाणी घसा कुठला आणि तार कुठली ते सांगता येत नाही. मी आधी सांगितलेलं माप इथे उपयोगाचं नाही. हा सुरापर्यंत येतही नाही आणि सूर सोडतही नाही, तो पहिल्यापासून तिथेच असतो. १९४५ मध्ये बोमाँट गावात तो गेला. बायकोने पुढे सांगितलं, की घर जळालं होतं, जायला दुसरी जागा नव्हती, त्याच घरात ओल्या अंथरुणावर झोपायचे.

१९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, पृथ्वीवरच्या माणसांचं गाणं म्हणून. तीवर ब्लाइंड विलीची ही सव्वातीन मिनिटं आहेत. आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडालं आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. आज दोन्ही यानं सूर्याचा वारा पोचतो त्या हद्दीपलीकडे आहेत, आणि आंधळा विली आणि केसरबाई एकाच डब्यात बसून चाललेत. ज्यांनी ती तबकडी भरली त्यांनी सोयरसुतक पाळलं नाही.

नाराजी कायम असेल तर हरकत नाही. पुढच्या महिन्यात गाड्यांचे प्रश्न आहेत.

प्रश्न : मुलगा बाटल्या फोडून गळे कापतोय, म्हणे गिटारला लागतात. घरात काचा झाल्या आहेत. गिटार बिघडेल का? आणि एवढं करून वाजवतो तेव्हा नुसती खरखर येते.
— एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आधी त्याच्या हातातून बाटली काढून घ्या. मीही हे केलंय. बाटलीच्या गळ्याला सुतळी गुंडाळायची, रॉकेलमध्ये भिजवायची, पेटवून बाटली फिरवत राहायची आणि तापली की थंड पाण्यात बुडवायची. काच टक्कन तुटते. माझी पहिली तुटली ती वेडीवाकडी, दुसरी पाण्यातच दोन उभे तुकडे झाली, तिसरी बरोबर तुटली म्हणून मी खूश होऊन कड अंगठ्याने चाचपली. तीन टाके. पुढच्या शनिवारच्या ऑर्केस्ट्रात माझ्याऐवजी मेव्हण्याने बाजा वाजवला आणि तो आजवर ऐकवतो.

मुलाला नळसामानाच्या दुकानात पाठवा. अर्धा इंची जीआय पाइपचा अडीच इंच तुकडा हॅक्सॉने कापून मागायचा. करंगळीत बसतो. आतली-बाहेरची धार आधी कानशीने, मग पाणी लावून वॉटर पेपरने घालवायची. गालावर फिरवून बघा, कुठे ओरबाडत नसेल तरच वापरायचा. जॉनी विंटरसारखा जबरदस्त वादक आयुष्यभर नळीचा तुकडाच वापरत आला. (तोही बोमाँटचाच, ब्लाइंड विली गेला त्याच्या आदल्या वर्षी जन्मलेला.) काचच हवी असेल तर जाड काचेची औषधाची लांबट बाटली बघा, बोट आत जाईल अशी. ती कापावी लागत नाही. ड्वेनने कुठे कापली होती?

खरखरीचं सांगतो तसं मुलाला वाचून दाखवा, असं लिहिणार होतो, पण तोच वाचेल. बाळ, तू तार दाबतोयस. दाबू नकोस. नळी तारेवर अशी ठेव, की झोपलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवतोयस. दुसरं, एरवी बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतं, नळी मात्र पट्टीच्या बरोबर डोक्यावर यायला हवी. जरा मागे राहिलास की सूर उतरलेला लागतो. तिसरं, नळीच्या मागची बोटं तारांवर अलगद पसरून ठेव, त्यांनी मागचा कचरा आवाज मरतो. आणि तारा दांडीला फार चिकटून असतील तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून जरा वर उचलून घे. जाड तारा टाकल्या तर आणखी बरं.

शेवटचं, खुंट्या. नेहमीच्या लावणीत नळी आडवी ठेवली तर सूर एकमेकांशी भांडतात, म्हणून आधी गिटार सुरात लाव : जाड तारेपासून सा, प, सा, ग, प, सा. पहिली आणि सहावी तार दोन-दोन पट्ट्या खाली, दुसरी दोन पट्ट्या खाली, तिसरी एक पट्टी खाली, चौथी आणि पाचवी आहे तिथे. सगळं उतरवायचंच आहे, त्यामुळे तार तुटायची भीती नाही. एल्मोर जेम्स असंच लावायचा. मग नळी बाराव्या पट्टीवर ठेव आणि सगळ्या तारा एकदम छेड.

ताई, गिटार बिघडत नाही. आणि मला बाटल्या पाठवू नका, मागच्या वेळी दोघांनी पाठवल्या. माझ्याकडे सात आहेत.